बोल आणि बोका

४ मार्च

आत्याला बोलायची बंदी!

घशाच्या डॉक्टरांनी छोटा आरसा आत धरून पाहिलं. गाठ साधी आहे म्हणाले, औषधाने जाईल, पण तोंड बंद. "आजी, कुजबुजसुद्धा नको. कुजबुजीने जास्त ताण येतो." आवाज पूर्वीसारखा होईल का, मी विचारलं. "पूर्वीसारखा हा शब्द मी वापरत नाही." चांगला डॉक्टर. शब्द जपून वापरतो.

बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. सवयीने काही सांगायला तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, मिटलं. माशासारखं. मग आम्ही दोघी हसलो. ती आवाज न करता.

हसण्यासारखं खरं तर काही नाही. मागावर मोठी चटई अर्धी आहे. तिचे बोल पूर्ण फक्त आत्याला येतात. मला अर्धे. बाकी कुणाला एकही नाही. आत्याचा आवाज गेला तर चटईही गेली.

५ मार्च

मागाच्या शेडमध्ये शांतता. बोका तेवढा बोलला.

९ मार्च

परवा बँकेतल्या साहेबांना आमचं काम समजावता आलं नाही. "डिझाइनचा कागद दाखवा ना," एवढंच म्हणत राहिले. इथे लिहून बघते, जमतं का.

आमच्याकडे चटई बोलून विणतात. एक बाई मागाच्या डोक्याशी बसून बोल म्हणते, दुसरी विणते. लांब अक्षर आलं की लव्हाळ्याची काडी दोरीच्या वरून. आखूड आलं की खालून. झालं. कागद नाही, चित्र नाही. बोल आमच्या बोलीतले. आयुष्यभर मी कॉलेजात लघु-गुरू शिकवले, फळ्यावर खुणा करकरून. आणि माझ्या घरच्या बायका त्यावर बसून भाजी निवडत होत्या!

मोठ्या चटईचे बोल म्हणजे एका बाईचा घरापासून पाण्यापर्यंतचा रस्ता. उंबरठा, झाड, वळण, दगड, उतार, पाणी. मग परत. मला दगडापर्यंत येतो. त्यानंतर वसतिगृहात गेले. तिथे बोली बोललं की रांगेत शेवटी उभं करायचे. आणि शाळेची भाषा—हीच, जिच्यात लिहितेय—मला इतकी आवडली की रांगेत शेवटी उभं राहायची वेळ फारशी आली नाही. माझा रस्ता दगडापाशीच राहिला.

वहिनी लग्न होऊन दुसऱ्या मुलखातून आली. खार शहरात वाढली. ही आत्याची नात. सारखी इकडून तिकडे पळते म्हणून खार. दुकानातली नोकरी सोडून गेल्या वर्षी आली. दोघींचे हात आत्याहून चपळ आहेत. बोली दोघींनाही येत नाही. आवाज ऐकतात आणि विणतात.

खारीने हिवाळ्यात आत्याचे सगळे बोल फोनवर धरून ठेवलेत. "आजीचा घसा बंद तर बंद, मावशी. माझा फोन चालू आहे ना!"

उद्यापासून फोन मागाच्या डोक्याशी.

१० मार्च

आत्या फोनकडे सवतीसारखी बघते.

१४ मार्च

दोन दिवस तळ्यावर होते, लव्हाळे कापायला. या वर्षी उंच आहेत, सरळ आहेत, पोकळ कमी. पाठ मोडली पण मन भरलं. भारे घेऊन शेडमध्ये शिरले तर आत्या मागावर वाकलेली. विणलेल्या भागावरून बोटं फिरवत होती. डावीकडून उजवीकडे. थांबली. मागे आली. पुन्हा तिथेच थांबली. आणि एकदम खांदे गदगदायला लागले.

"अगं बाई, ठसका लागला!" वहिनी पाणी घेऊन धावली. आत्याने पाणी ढकललं. डोळ्यांतून धारा. चटईकडे बोट, मग खिडकीतल्या बोक्याकडे बोट. पुन्हा चटई, पुन्हा बोका.

खारीने फोनवरचा आवाज मागे नेऊन पुन्हा लावला. मी ऐकलं. आत्याचा जुना, भरदार आवाज: उताराचे बोल, उताराचे बोल, आणि त्याच लयीत, श्वास न घेता—उतर मेल्या, पाय ओले आहेत तुझे! काड्या नासवशील!—आणि पुन्हा उताराचे बोल.

वहिनीने सगळं विणलंय. अक्षर न् अक्षर. मेल्यासकट!

आम्ही खाली बसून हसलो. वहिनी ओशाळली. "मला काय ठाऊक! मला वाटलं उतार आहे, जरा घसरत असेल." तिने उसवायला सुई उचलली. आत्याने सुई काढून घेतली आणि त्या जागेवर सरळ बसली.

१५ मार्च

सकाळी उजेडात नीट पाहिलं. दगडानंतर वीण संथ उतरते. मग अचानक एक तिरपी रेघ उसळते, दोनदा मुरडते, शेपटासारखी, आणि पुन्हा संथ उतार. वाईट नाही. खरं सांगायचं तर छान आहे.

पण मनात सल आहे. बोली येणाऱ्या कुठल्याही बाईने ते विणलं नसतं. हात आपोआप थांबले असते. हे आत्या बोक्याला बोलतेय, आपल्याला नाही, एवढं तरी कळलं असतं. वहिनीची चूक हाताची नाही.

बोक्याचं नाव मुकादम. मागावर बसतो, सगळ्यांचं काम बघतो, स्वतः काडी हलवत नाही. खार ओरडली, वहिनी ओरडली तरी ढिम्म. आत्याचा शब्द निघाला की उतरतो. या घरात चाळिशीच्या आत आमची बोली समजणारा तो एकटाच.

२० मार्च

व्यापारी आला. नेहमीसारखा बाहेर चपला काढून, सगळ्यांची चौकशी करत. माणूस वाईट नाही. आमच्या साध्या चटया इतकी वर्षं तोच नेतो. मागावरची मोठी चटई पाहिली आणि त्या तिरप्या रेघेवर त्याचा हात थांबला.

"मॅडम, हा नमुना कुठला? आधी कधी दाखवला नाहीत. जुना दिसतो."

वहिनी गंभीरपणे म्हणाली, "फार जुना. तो बघा, खिडकीत बसलाय तेवढा."

त्याला कळलं नाही. पण नमुना त्याला हवाच. नुसता नमुना नाही, सगळे बोल हवेत. फोनवरचे आवाज द्या, मी त्याचे आलेख काढून घेतो, माझ्या कारखान्यातलं यंत्र विणेल. चटईवर तुमचं नाव लावू. आजींना त्रास नको, तुम्हाला पाठदुखी नको. बसल्या जागी पैसे. "आजींचा घसा असा. उद्याचा विचार करा. मी नेलं नाही तर हे राहणार कुठे?"

शेवटचं वाक्य बरोबर आहे. तेच टोचलं.

आत्याने त्याला चहा दिला. कपात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. रागावली की ती साखर जास्त घालते.

२१ मार्च

वहिनी भांडी घासता घासता: "वन्सं, बसून पैसे मिळाले तर त्यात वाईट काय? मी कंटाळले म्हणत नाही. विचारतेय."

खारीने त्यावर कडी केली. "मावशी, खरं सांगू? लांब-आखूडच हवं ना? मग भाषा लागतेच कशाला? मी पळीने टकटक केलं तरी चालेल."

मी म्हटलं, कर.

खारीने पळीने पाटावर टकटक सुरू केलं. लांबला एक ठोका घासून, आखूडला टिचकी. वहिनी विणायला बसली. चाललं की! आत्या दारात लव्हाळे सोलत होती, वर पाहिलं नाही. पहिल्या ओळी सुरेख आल्या. मग शेजारीण काही मागायला आली, वहिनी उठली, परत बसली.

"कुठे होते मी?"

खारीला सांगता येईना. पळी हवेत. "शेवटचं... लांब? की त्याच्या आधीचं?" दोघींनी विणलेलं मोजून पाहिलं, भांडल्या, शेवटी तेवढं उसवलं.

आत्या बोलते तेव्हा असं होत नाही. ती मध्येच उठून दूध उतरवते, पोस्टमनशी भांडते, परत येते. कुठे होतो? दगडापाशी. दगडापाशी म्हटलं की पुढचं पाऊल आपोआप येतं. रस्ता डोळ्यांपुढे असला की कोण हरवतं! ठोक्यांत रस्ता नसतो.

यंत्र विसरणार नाही, हे मलाही कळतं. उगाच स्वतःला फसवत नाही. पण आम्ही यंत्र नाही, आम्हाला विणायला आवडतं. हेही कारणच आहे. व्यापाऱ्यापुढे मांडता येण्यासारखं नाही, एवढंच.

२६ मार्च

ठरलं. चटया विकायच्या, बोल विकायचे नाहीत.

म्हणाली वहिनी! मला वाटलं होतं तीच अडेल. "माझ्या माहेरी टोपल्या व्हायच्या," ती म्हणाली. "असाच एक भला माणूस नमुने घेऊन गेला. आता माझी आई बाजारातून टोपली आणते. तिच्याच हातचा नमुना, वर किमतीची चिठ्ठी. आई म्हणते, वीण सैल आहे." मग काड्या जुळवता जुळवता: "माहेरची भाषा मलाही आता स्वप्नात तेवढी येते."

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आत्या असं कधी करत नाही. बोलता येत नाही म्हणून केलं असावं.

२८ मार्च

व्यापाऱ्याला कळवलं. तो खट्टू झाला. साध्या चटया मात्र नेणार म्हणतो. मोठ्या चटया आमच्या आम्ही विकू. शनिवारच्या बाजारात एक ओटा मिळतोय, मासळीवाल्याच्या शेजारी. वहिनीने नाक धरलं. खार म्हणाली, "वासाने तरी लोक थांबतील."

२ एप्रिल

नवीन खूळ. खारीचं.

"बोक्याला घातलेली शिवी विणता येते, तर मग काहीही विणता येईल ना मावशी? 'मला भूक लागली' कसं म्हणायचं?"

मी सांगितलं. तिने म्हणून पाहिलं. चुकली. आत्याने अंगठ्याने पाटावर टक केलं. तिची चूक दाखवायची ही नवी पद्धत. पुन्हा म्हटलं. टक. पुन्हा. टक नाही! मग विणून पाहिलं. अरुंद पट्टी झाली, काठाला बरी. वहिनीला 'पाऊस यायच्या आत कपडे काढ' हवं होतं. त्याची वीण अशी देखणी निघाली की आम्ही चाट पडलो. लगबगीची आहे, मध्येच अडखळते, शेवटी धावते.

आमच्या बोलीत माझ्या आईच्या हयातीत एकही नवा बोल झाला नव्हता. जुने जपायचे, एवढंच. आज वाळत घातलेल्या कपड्यांचा झाला.

मीही एक बांधायला घेतला. लाज वाटली. दुसऱ्यांच्या कविता आयुष्यभर उलगडल्या. स्वतःची ओळ, तीही बोलीत, पहिल्यांदाच. जमेना. चहा केला.

८ एप्रिल

दगडापुढचे बोल शिकतेय. फोनवर आत्याचा आवाज, समोर आत्या मुकी. एकाच बाईचे दोन तुकडे समोरासमोर बसलेत.

शब्द अडला की विचारते, ती करून दाखवते. उतारावरच्या एका शब्दासाठी पाट तिरका धरून लिंबू सोडलं. लिंबू मुकादमाच्या पोटाला लागलं, तो नाराज. एका शब्दापाशी मात्र मी अडून बसले. कधी ऐकलेलाच नव्हता. आत्याने तळहात पाण्यात बुडवून फरशीवर ठेवला, उचलला आणि वाळत चाललेल्या कडेवर बोट ठेवलं. पाणी मागे गेलंय, पण त्याची खूण अजून आहे, ती जागा.

या शब्दाला शाळेच्या भाषेत शब्दच नाही, असं लिहायला पेन टेकवलं. कसं भारी वाटलं असतं! मग आठवलं. आहे की. ओल.

९ एप्रिल

माझी ओळ जमली. ओलीवरचीच आहे. आत्याने टक केलं नाही.

१७ एप्रिल

मोठी चटई झाली!

आज मी बोल म्हटले, आत्या विणायला बसली. कित्येक वर्षांत ती विणायला बसली नव्हती. तिची जागा डोक्याशी. उंबरठ्यापासून धरले; उतारापर्यंतचं आधीच विणलेलं, तिथवर तिने नुसती बोटं फिरवली, पुढे काड्या घातल्या. दगडापाशी आले, आणि पुढे पाऊल टाकलं. उतार. पाणी. ओल. मग परतीचा रस्ता. परतीचे बोल जाण्याच्या बोलांपेक्षा आखूड आहेत, कारण बाईच्या डोक्यावर आता घागर आहे, ती रमत नाही. हे मला म्हणता म्हणता कळलं. आत्याचे हात मंद, पण एकदाही थांबले नाहीत. उंबरठ्याशी आलो तेव्हा तिने शेवटची काडी दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. शाळेत पहिली आले होते तेव्हाही कुणी असं पाहिलं नव्हतं.

वहिनीने चटई उन्हात अंथरली. घरापासून पाण्यापर्यंत सगळा रस्ता. मध्ये एक बोका.

१९ एप्रिल

बाजार. उतार असलेल्या चटईपाशी लोक थांबले, वासानेही असतील. खार बडबडून गिऱ्हाइकं जमवते. एका बाईने 'पाऊस यायच्या आत' घेतली. बोल विणलेत म्हणता, मग यात काय लिहिलंय, तिने विचारलं. खारीने अर्थ सांगितला. बाई हसली, आकाशाकडे पाहिलं आणि आणखी एक घेतली.

मासळीवाला म्हणाला, "माझ्यावर काही बनवा की."

२२ एप्रिल

सगळं ठीक चाललंय म्हणून ही चिंता लिहायलाही कसंतरी होतं. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

खार मागावर बोली बोलते. सुंदर बोलते, उच्चार स्वच्छ. मागावरून उठली की संपलं. मीठ मागते शाळेच्या भाषेत, भांडते शाळेच्या भाषेत, फोनवर हसते शाळेच्या भाषेत. बोली तिच्यासाठी लव्हाळ्यासारखी झालीये. कापायची, भिजवायची, विणायची. कच्चा माल. आज मी मुद्दाम जेवताना बोलीत विचारलं, वाढू का? तिने उत्तर दिलं, "हो, थोडं. ही ओळ छान आहे मावशी, हिची वीण कशी येईल?"

वाढलं.

आपण शिकवतोय ते जिवंत आहे की फक्त देखणं? आत्याला विचारावं तर ती मुकी. आणि विचारलं असतं तरी म्हणाली असती, आधी ताट संपव.

२५ एप्रिल

डॉक्टरांनी परवानगी दिली. थोडंच, हळू, दिवसाला काही वाक्यं. आम्ही सगळ्या तिच्याभोवती जमलो. पहिला शब्द काय असेल! खारीने फोन तयार ठेवला.

आत्याने घसा खाकरला. आवाज आला. जुना नाही, भरड, वाळूवरून पाट ओढावा तसा. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तू लव्हाळे जास्त भिजवतेस."

आठवडेच्या आठवडे हे पोटात धरून बसली होती!

आवाजाला आता उंची नाही. पूर्ण चटईचे बोल ती पुन्हा म्हणू शकणार नाही, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. परतताना बसमध्ये मीच हिरमुसले. ती खिडकीबाहेर बघत होती, मजेत.

२९ एप्रिल

मुकादमाची चंगळ. आत्या ओरडू शकत नाही हे त्याने ओळखलंय. दिवसभर ओल्या भाऱ्यावर लोळतो. मी बोलीत दटावलं. त्याने एक डोळा उघडला, मिटला. कॉलेजातली शेवटच्या बाकावरची पोरं आठवली.

२ मे

आत्या आणि मी अंगणात लव्हाळे पसरत होतो. शेडमधून बोलीत आवाज आला—उतर मेल्या, पाय ओले आहेत तुझे! भरदार, चढा. माझ्या हातातला भारा सुटला. आत्याचा आवाज परत आला! मग भान आलं, आत्या तर माझ्या शेजारी उभी आहे.

दारातून पाहिलं. माग रिकामा, फोन कोपऱ्यात बंद. खार पाठमोरी, केस पुसत. मुकादम मुकाट्याने खाली उतरत होता.

मी हाक मारणार होते. आत्याने ओठांवर बोट ठेवलं.